अकोल्याला न दिलेली झील

माझ्या पोटात एक गोष्ट पस्तीस वर्षं पडून आहे. बायको गेली, तिला ती ठाऊक नव्हती. मुलांना नाही. देवळात हात जोडले तेव्हाही मी ती पुरी बोललो नाही — अर्धी बोललो, आणि उरलेली देवानं समजून घ्यावी अशा बेतानं घंटा वाजवून बाहेर आलो. आज तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहायला घेतलंय. अक्षर वाकडं आलं तर ते म्हातारपणाचं. त्यातून दुसरा अर्थ काढू नका.

पण आधी आमचा आखाडा सांगायला हवा. तो कळला नाही तर माझी चूक फार लहान वाटेल. खरं सांगू? तशी ती तुम्हाला वाटावी अशी माझी आतून इच्छाही आहे.

आखाडा कुस्तीचा नव्हे, डफाचा. अमरावतीला कोष्ट्यांच्या वस्तीला लागून एक लांबट मांडव होता. सागाच्या बल्ल्या, तुरीच्या काड्यांचा कूड, वर गवत. तिथे कलगी-तुऱ्याचं गाणं शिकवत. एका पक्षानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. कलगीवाले शक्तीला मोठं म्हणणारे, आम्ही तुरेवाले शिवाला. भांडण देवांचं, गळे आमचे.

मांडव उभा केला लखमाजी उस्तादांनी. जातीनं कोष्टी, दिवसभर मागावर बसायचे आणि संध्याकाळी डफ घ्यायचे. त्यांचा नियम साधा होता — जो येईल त्याला शिकवायचं, आणि शिकवणीचं काही घ्यायचं नाही. तिवशाहून दोन भाऊ पायी यायचे, एक पिंजारी यायचा, एक भिक्षुकाचा मुलगा घरून चोरून यायचा. सगळे एकाच चटईवर. कोणी म्हटलं की उस्ताद, ह्याला कशाला घेतलं, तर ते म्हणत की डफाला कातडं लागतं, ते कुणाच्या हातचं आलं हे आधी विचारून ये, मग बोल.

मांडवाचा कारभार मात्र त्यांच्या थोरल्या बहिणीचा. सगळे तिला मोठीमाय म्हणत. कोण आलं, कोण उपाशी आलं, कोणाचा डफ उसवला, छपरावर गवत कधी चढवायचं — हे सगळं ती पाही. संध्याकाळी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर डफ शेकायला तीच बसायची. बोटाची टिचकी मारून सांगायची की हा तयार, हा कच्चा. तिचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

आणि तिसरा मी. गणपत. वलगावच्या वाटेवर आमची काळी जमीन, घरात खायला होतं, आणि मला मोडी येत होती. म्हणून आखाड्याची बाडं, गाण्यांच्या वह्या, मी लिहायचो — उस्ताद बोलायचे, मी उतरवायचो. त्यांना अक्षर येत नव्हतं. लोक आम्हा तिघांना मिळून 'आखाडा' म्हणत. कोणाला काही विचारायचं असलं तर आमच्यातल्या एकाकडे यायचे. मला ते फार आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

गाण्यात माझं काम झीलकऱ्याचं. झीलकरी म्हणजे शाहिराच्या मागे उभा राहून त्याच्या ओळीचं शेपूट उचलून 'हो जी जी' म्हणत लांबवणारा. ऐकणाऱ्याला वाटतं, ही नुसती साथ आहे. नाही हो. शाहिराला श्वास झीलकरी देतो. पुढची ओळ आठवायला जो क्षण लागतो, तो झीलकरी देतो. अठरा वर्षं मी तो क्षण दिला.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलं आहे. गाताना शाहिरानं मागे वळून पाहायचं नाही. वळला, म्हणजे विसरला, हे सगळ्या फडाला कळतं. तोंड लोकांकडे, पाठ झीलकऱ्याकडे. मागचा माणूस आहे हे त्यानं धरून चालायचं. आणि दुसरी रीत — सामन्यात जो उस्ताद जवाब देऊ शकला नाही, त्यानं आपला डफ समोरच्याच्या हाती द्यायचा आणि आखाड्याची गादी सोडायची. शिकवावं, हरकत नाही. पण पुढे उभं राहायचं नाही.

उस्ताद साठीच्या पुढे गेले तसे शब्द गाळू लागले.

हे फक्त मला ठाऊक होतं. मोठीमायलासुद्धा नाही. एकदा सरावात ते मध्येच थांबले, मी 'जी जी' दोन फेरे जास्त लांबवली आणि तिच्यात पुढच्या ओळीचा पहिला शब्द हळूच सोडला. त्यांनी तो उचलला आणि गाणं पुढे गेलं. नंतर पाणी पिताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "डफ खांद्याकडं कलला का समजत जाय, गणपत." एवढंच. तेव्हापासून डफ डाव्या खांद्याकडे कलला की मी शब्द द्यायचो. वर्षभर दिला. कोणाला पत्ता नाही. त्यांच्या म्हातारपणावर मी पांघरूण घालत होतो आणि त्या पांघरुणाखाली आम्ही दोघंच होतो. त्या वर्षाइतका मी त्यांच्या जवळ कधी नव्हतो. — हे वाचून तुम्हाला पुढचं अजून वाईट वाटेल. वाटू द्या.

त्याच दिवसांत कापसाला सोन्याचा भाव आला. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती आणि तिकडचा कापूस अडकला होता, असं म्हणत. आम्हाला लढाई दिसली नाही, तिचा पैसा दिसला. ज्वारीच्या शेतातही पऱ्हाटी उभी राहिली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आणि आमच्या चटईवर जागा रिकामी व्हायला लागली — तिवशाचे भाऊ गाड्या हाकायला लागले, पिंजाऱ्याला मान वर करायला फुरसत नाही. कधी कधी आम्ही तिघंच जाळाभोवती बसलेले असायचो. मोठीमाय तरीही सगळे डफ शेकून ठेवायची.

अशात एक शेठ मला भेटला. कापसावर मोठा झालेला माणूस, गाण्याचाही शौकीन. म्हणाला की तुमच्या आखाड्याला चुन्यात बांधलेली, कौलारू, शंभर माणूस बसेल अशी जागा बांधून देतो. हा मांडव काढा, तिथेच बांधू. फक्त हंगामात चार महिने माझा माल तिथे राहील. मी पळत उस्तादांकडे गेलो. ते मागावर होते. मागाचा धोटा थांबवून त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. ज्या घरात मालाला पहिला मान, तिथे गाणारा पाहुणा होतो, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला. म्हटलं, पोरं परत येतील, गळतं छप्पर जाईल, आखाडा टिकेल. ते पुन्हा धोटा फेकायला लागले. मोठीमाय आतून म्हणाली की तो नाही म्हणाला ना.

मी घरी आलो तो धुमसत. मला वाटलं, म्हातारा हट्टापायी आखाडा बुडवणार. शब्द याचे मी आठवायचे, बाडं मी लिहायची, आणि शेवटी 'नाही' म्हणायचा हक्क याचा. अठरा वर्षं मी त्या पाठीकडे बघत उभा होतो. त्यांच्या बंडीची मागची शिवण मला डोळे मिटून काढता आली असती.

सुरुवातीला मी स्वतःला सांगितलं की मला जागा हवी आहे, लोकांसाठी. बरीच वर्षं तेच सांगत राहिलो. पण जागेसाठी माणूस जळतो का? मला पुढे उभं राहायचं होतं. बस्स. जागा हा चांगला कपडा होता, तो त्या इच्छेला घातला की ती चारचौघांत नेता येत होती.

माघात अकोल्याच्या कलगीवाल्यांनी सामन्याचा विडा पाठवला. उस्तादांनी मला बोलावलं आणि विचारलं, घ्यावा का? तुम्हाला कळतंय ना त्यांनी काय विचारलं? त्यांच्या स्मरणाचा हिशेब त्यांना ठाऊक होता. ते मला विचारत होते की तू आहेस ना. मी म्हटलं, "घ्या उस्ताद, मी आहे." आणि शपथेवर सांगतो, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. — नव्हतं? आता शपथ घेतली, पण खात्री नाही. राहू द्या ती शपथ.

मूर्तिजापूरमार्गे तीन दिवस गाडीत काढून आम्ही अकोल्याला पोचलो. मोर्णा नदीच्या काठी, चिंचेखाली फड लागला. भर दुपार, पण हवेत गारवा होता. माणूस मावेना. मोठीमाय बायकांत बसली होती, शेकलेले दोन डफ मांडीवर धरून.

पहिले चार सवाल सहज गेले. दोनदा डफ कलला, दोनदा मी शब्द दिला. पाचवा सवाल देहाच्या वस्त्राचा आला — हे वस्त्र विणलं कोणी, आणि उसवलं तर हाती काय राहतं? मला हसू आलं. कोष्ट्याला वस्त्राचा सवाल! आणि त्याचा जवाब उस्तादांकडे तयार होता, चार वर्षांपूर्वी त्यांनी तो रचला होता आणि मी बाडात उतरवला होता. त्यांनी डफावर थाप मारली आणि उचललं :

काया वस्त्र, श्वास हा धागा, विणणारा दिसेना
मागावरती बसला कोण गा, हात त्याचा थांबेना

लोक डोलले. मी झील धरली, 'हो जी जी'. आणि डफ कलला.

पुढची ओळ होती — उसवून पाहू जाता हाती धागाही उरेना. मला फक्त 'उसवून' म्हणायचं होतं. चार अक्षरं. ती माझ्या जिभेवर होती, आत्ता लिहिताना आहेत तशीच. मी विसरलो नव्हतो. माझं लक्ष दुसरीकडे नव्हतं. मी डफ पाहिला, तो कशासाठी कललाय हे मला कळलं, आणि माझ्या मनात एक अगदी स्वच्छ विचार आला — आता गप्प राहिलो तर उद्यापासून मी पुढे.

आणि मी झील तोडली.

हेच ते. हेच सांगायला मी तुम्हाला इतकं फिरवलं.

डफ अजून कललेलाच होता. जराशानं तो आणखी थोडा कलला — त्यांना वाटलं असेल, मला दिसला नसेल. मी बायकांच्या पलीकडे हिरवा हरभरा विकायला बसलेल्या एका बाईकडे बघत राहिलो. ती जुड्या बांधत होती. एक जुडी बांधून झाली, तिनं दुसरी घेतली. उस्ताद वळले नाहीत. शेवटपर्यंत वळले नाहीत. एकदा जरी मागे पाहिलं असतं तर मला वाटतं मी बोललो असतो. पण वळले असते तर त्यांची लाज गेली असती, आणि मी मागे आहे हे ते धरून चालले होते.

मग त्यांनी डफ सरळ केला, कपाळाला लावला, आणि चार पावलं पुढे जाऊन अकोल्याच्या शाहिराच्या हातात दिला. त्या बिचाऱ्यालाही तो घेताना अवघड झालं. त्यानं आधी उस्तादांच्या पायाला हात लावला.

परतीच्या वाटेवर आम्ही सगळे एकाच गाडीत होतो. तिवशाचा थोरला भाऊ खास सामन्यासाठी आला होता, त्यानं शेवटी विचारलंच — "गणपत, तू झील काहून तोडली?" तेवढ्यात पुढे बसलेले उस्ताद म्हणाले, "त्याले कोणी बोलू नका. त्याचा आवाज बसला होता. म्या पायलं ना, तोंड उघडलं त्यानं, पण आवाजच निंगाला नाई बिचाऱ्याचा."

मी तोंड उघडलं नव्हतं. आणि त्यांची पाठ होती माझ्याकडे. त्यांनी काय पाहिलं असेल?

मी इतकंच केलं की गळ्याला हात लावला आणि मान हलवली.

घरी आल्यावर मोठीमायनं माझ्यासाठी काढा सुरू केला. जेष्ठमध, अडुळसा, आलं. रोज सकाळी त्या मांडवात जाऊन मी तो प्यायचो, आणि आवाज बसल्याचं सोंग म्हणून हळू बोलायचो. महिनाभर प्यालो. तुम्ही कधी न झालेल्या दुखण्याचं औषध प्रेमानं पाजलं गेलेलं प्यालात का? गोड लागतं. जेष्ठमधाचा गोडवा मला अजून सहन होत नाही. एका सकाळी ती म्हणाली की उद्यापासून काढा नाही, जेष्ठमध सरला. फडताळाचं दार उघडं होतं आणि जेष्ठमधाची बरणी मला अर्धी भरलेली दिसत होती. तिलाही ती दिसत होती. मी वाटी खाली ठेवली आणि बरं म्हटलं.

गादी उस्तादांनी स्वतः मला दिली. सगळ्यांसमोर माझ्या डोक्याला पागोटं बांधलं. गाठ मारताना त्यांची बोटं जराही थरथरली नाहीत, आणि मी रडलो. लोक म्हणाले, काय गुरुभक्ती!

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेठनं इमारत बांधली. जुना मांडव आम्ही उतरवला; बल्ल्या चांगल्या होत्या, त्या नव्या छपराला लागल्या. पहिल्या वर्षी खरंच पोरं परत आली. मी पुढे उभा राहिलो, मागे एक तरणा झीलकरी घेतला, आणि सबंध वेळ माझी पाठ मला जड वाटायची — हा शब्द देईल का, ही भीती. मग ती परदेशातली लढाई संपली आणि कापसाचा भाव एका हंगामात कोसळला. शेठचा माल विकेना. चार महिन्यांचा माल बारा महिने राहिला, मग आढ्यापर्यंत गेला. आम्ही आधी ओसरीवर बसलो, मग अंगणात, मग कोणी येईनासं झालं. ज्या घरात मालाला पहिला मान — पण उस्तादांनी ते वाक्य मला पुन्हा कधी ऐकवलं नाही. मीच रोज ऐकायचो.

त्या एका शब्दात आखाडा गेला, असं मी म्हणणार नाही. तेवढा मोठा मी नाही. रेल्वे आली, बाजार बदलला, कदाचित तसाही गेला असता. पण माझ्या हातून जे गेलं ते रेल्वेनं नेलेलं नाही.

शेवटची दोन वर्षं उस्ताद अंथरुणावर होते. मोठीमाय ऐंशीच्या घरात, पण भावाचं सगळं तीच करायची. त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. माझं नाव गेलं. आखाडा गेला, अकोला गेलं — हरल्याचं गेलं, हे बरं झालं असं मी स्वतःशी म्हणत असे. मी दुपारी जाऊन उशाशी बसायचो. ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघायचे, आणि सगळं विसरलेल्या त्या माणसाला माझ्याबद्दल एकच गोष्ट आठवायची.

"आवाज कसा हाय रे तुया आता?"

"बरा आहे, उस्ताद."

"मंग म्हन."

आणि मी म्हणायचो. तोच जवाब, काया वस्त्राचा. पहिल्या दोन ओळी, मग झील मीच धरायचो, आणि तिसरी ओळ — उसवून पाहू जाता हाती धागाही उरेना — पूर्ण, मोकळ्या गळ्यानं. ते पांघरुणावर बोटांनी ठेका धरायचे. संपलं की विचारायचे, कोणाचं गाणं हे? मी सांगायचो, तुमचं. ते हसायचे आणि मान हलवायचे, आपल्याला एवढं चांगलं कुठे येतं, अशी. मोठीमाय दाराशी ज्वारी पाखडत असायची. सूप थांबायचं. पुन्हा सुरू व्हायचं.

सांगायला मला दोन वर्षांच्या दुपारी मिळाल्या होत्या. ते ऐकून पाच मिनिटांत विसरले असते. त्यांना त्रासही झाला नसता. तेवढं सुद्धा मी केलं नाही. मी गात राहिलो, कारण गाणं सोपं होतं आणि त्यांना माझी काळजी वाटणं मला अजून हवं होतं.

ते गेले तेव्हा लोकांनी मला सांगितलं की गणपतराव, शेवटपर्यंत तुमच्या आवाजाची चौकशी करत होते.

अकोल्याला त्या दुपारी माझा आवाज अगदी चांगला होता.